नफा झाला, मग पैसे गेले कुठे?

एका शिक्षिकेचं पत्र: "माझा मूळ विषय इतिहास. शाळेने यंदा १५ ते १७ वयाच्या मुलांसाठी 'व्यवसाय आणि व्यवस्थापन' हा विषय सुरू केला आणि तो माझ्याकडे आला. वर्गात २८ मुलं, आठवड्याला ४५ मिनिटांच्या चार तासिका. दोन महिने झाले. मुलं व्याख्या धडाधड सांगतात, पण केस, म्हणजे एखाद्या व्यवसायाचा प्रसंग, दिली की सगळ्यांचं उत्तर एकच: जाहिरात वाढवावी, गुणवत्ता सुधारावी. आकडेमोडीला निम्मा वर्ग घाबरतो आणि खरं सांगायचं तर मीही थोडी बिचकते. गटप्रकल्पात दोघं राबतात, बाकीचे नावापुरते. पुस्तक संपवू की वेगळं काही करू? सुरुवात कुठून करू?"

नमस्कार मॅडम,

तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. तुमच्या मुलांना अजून एकही निर्णय घ्यावा लागलेला नाही. व्यवसाय चालवणं म्हणजे अपुऱ्या माहितीवर, ठरावीक वेळेत, मोजक्या पैशांत काहीतरी ठरवणं आणि मग त्या ठरवण्याला उत्तरदायी राहणं. पुस्तकाचा क्रम नेमका उलटा असतो. आधी व्याख्या, मग प्रकार, मग फायदे-तोटे आणि प्रकरणाच्या तळाशी एक केस. मुलं ज्या क्रमाने वाचतात त्याच क्रमाने विचार करायला लागतात. केस समोर आली की पाठ केलेल्या यादीतला पहिला फायदा उचलतात आणि उत्तरात ठेवतात. ही त्यांची आळशी वृत्ती नव्हे, आपण त्यांना तेच शिकवलेलं असतं.

म्हणून पुस्तक सोडू नका, पण तासिकेचा क्रम फिरवा. पहिली ५ मिनिटं मागच्या तासिकेतले तीन प्रश्न, वह्या बंद ठेवून. पुढची १० मिनिटं एक छोटा प्रसंग आणि 'तुम्ही काय ठरवाल?' हा प्रश्न. इथे मुलं अडखळतील, आणि अडखळायलाच हवीत. मग १५ मिनिटं संकल्पना शिकवा. आता तिची गरज त्यांना कळलेली असते, त्यामुळे तीच व्याख्या वेगळ्या कानांनी ऐकली जाते. त्यानंतर १० मिनिटं तोच प्रसंग पुन्हा, नव्या संकल्पनेसह. शेवटच्या ५ मिनिटांत प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन वाक्यं लिहायची: काय ठरवलं, कशाच्या आधारावर, आणि कोणती गोष्ट कळली तर मी हा निर्णय बदलेन. तिसरं वाक्य सगळ्यांत मोलाचं. ज्याला ते लिहिता येतं त्याला मूल्यमापन कळलं असं खुशाल समजा. २८ चिठ्ठ्या वाचायला दहा-बारा मिनिटं लागतात. गुण देऊ नका, फक्त तीन ढीग करा: समजलं, अर्धवट, चुकलं. पुढच्या तासिकेच्या सुरुवातीचे तीन प्रश्न मधल्या ढिगातून आपोआप निघतात.

आता आकड्यांकडे वळू. बहुतेक वर्गांत वित्ताचं प्रकरण वर्षाच्या शेवटी येतं, आणि आमच्या मते विषय बिघडतो तो तिथेच. तोवर मुलांनी विपणन, मनुष्यबळ, उत्पादन हे सगळं आकड्यांशिवाय शिकलेलं असतं, त्यामुळे 'जाहिरात वाढवावी' म्हणताना त्याचे पैसे कुठून येणार हा प्रश्न त्यांना पडतच नाही. एक छोटा काल्पनिक व्यवसाय आजच घ्या आणि वर्षभर तोच वापरा. हाताने बांधलेल्या वह्यांचा घ्या: सामान कमी, प्रक्रिया डोळ्यांसमोर उभी राहते, आणि सगळ्यांनी वही वापरलेली असते. आकडे गोल ठेवा. चलनाचं नाव घेण्याचीही गरज नाही.

एका वहीची विक्री किंमत ५०. एका वहीमागे बदलता खर्च ३०: कागद १८, पुठ्ठा आणि दोरा ७, वेष्टन ५. महिन्याचा स्थिर खर्च ८,०००, त्यात जागेचं भाडं आणि एका माणसाचा पगार. एक वही विकली की ५० मधून ३० जाऊन २० उरतात. हे २० म्हणजे नफा असं वर्ग एका सुरात म्हणेल. तिथेच थांबवा. ते २० आधी ८,००० चा खड्डा भरायला जातात, खड्डा भरल्यावर पुढच्या प्रत्येक वहीचे २० हा नफा. 'खड्डा किती वह्यांनी भरेल?' असं विचारलं की सूत्र न सांगता मुलं ८,००० भागिले २० करून ४०० वर येतात. नाव नंतर द्या: हा ना-नफा ना-तोटा बिंदू, ब्रेक-इव्हन. सूत्र आधी फळ्यावर लिहिलं तर भागाकारात काय कशाने भागायचं याची गल्लत परीक्षेपर्यंत टिकते, कारण मुलांना त्या २० चा अर्थच लागलेला नसतो.

महिन्याला ५०० वह्या खपतात असं धरा. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, वजा ८,०००, नफा २,०००. आता प्रश्न टाका: विक्री वाढवायला किंमत १० टक्के कमी करू या का? बहुतेक हात वर जातील. हिशेब करायला लावा. किंमत ४५ झाली, पण कागद-पुठ्ठ्याचे ३० तसेच राहिले. वहीमागे उरणारे २० चे १५ झाले. ब्रेक-इव्हन ८,००० भागिले १५ म्हणजे ५३३.३३. काही जण ५३३ लिहितील. ५३३ वह्यांवर ७,९९५ जमतात, खड्डा ५ ने उघडाच राहतो, म्हणून उत्तर ५३४. इथे नेहमी वरच्या पूर्णांकाकडे जायचं, आणि का जायचं हे त्या ५ वरून दाखवायचं. पण खरी मेख पुढे आहे. पूर्वीचाच २,००० नफा टिकवायला १०,००० भागिले १५, म्हणजे ६६७ वह्या विकाव्या लागतील. किंमत एक दशांशाने उतरवली आणि जागच्या जागी राहायलाच विक्री एक तृतीयांशाने वाढवावी लागली. हे एकदा स्वतःच्या हाताने काढलेलं मूल पुन्हा कधी 'किंमत कमी करावी' एवढ्यावर उत्तर संपवत नाही. आणि मग खरा प्रश्न आपोआप येतो: ग्राहक तेवढे वाढतील का? तिथून मागणीच्या लवचिकतेत, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते यात, शिरा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात कोरडी वाटणारी ही कल्पना इथे सगळ्यांना हवी असते.

याच टप्प्यावर दोन गोंधळ निस्तरून टाका. एक, उलाढाल आणि नफा. 'महिन्याला २५,००० कमावतो' असं मुलं ५०० वह्यांच्या विक्रीला म्हणतात. ती उलाढाल, नफा २,०००. दुसरा, टक्केवारी कशावर काढायची. ८० ला घेऊन १०० ला विकलं तर खरेदीवर २५ टक्के आणि विक्रीवर २० टक्के. दोन्ही बरोबर, पण पहिला मार्कअप आणि दुसरा मार्जिन. वर्षभर कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरणार ते ठरवा आणि मोडू नका.

आता वर्षातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या दोन तासिका. नफा आणि रोकड यांतला फरक इथे उलगडायचा. घाई करू नका, सलग दोन तासिका मिळाल्या तर उत्तम.

तोच वह्यांचा व्यवसाय. सुरुवातीला हातात रोख २०,०००. विक्री पहिल्या महिन्यात ५००, दुसऱ्यात ६००, तिसऱ्यात ७००. ग्राहक दुकानदार आहेत आणि ते एक महिन्याने पैसे देतात. कागद-पुठ्ठा मात्र रोखीने घ्यावा लागतो. आधी नफा काढायला सांगा: २,०००, मग ४,०००, मग ६,०००. तीन महिन्यांत १२,०००. वर्ग खुश असतो. मग रोकडीचा तक्ता. पहिल्या महिन्यात आत काहीच आलं नाही, बाहेर गेले मालाचे १५,००० आणि स्थिर खर्चाचे ८,०००. महिनाअखेर उणे ३,०००. दुसऱ्यात आले २५,०००, गेले १८,००० अधिक ८,०००, शिल्लक उणे ४,०००. तिसऱ्यात आले ३०,०००, गेले २१,००० अधिक ८,०००, शिल्लक पुन्हा उणे ३,०००.

दर महिन्याला नफा वाढतोय आणि पगार द्यायला पैसे नाहीत. इथे एक-दोन मिनिटं गप्प राहा. कुणीतरी विचारतंच: 'मग पैसे गेले कुठे?' हा प्रश्न मुलांकडूनच यायला हवा. उत्तर त्यांनीच शोधायचं: तिसऱ्या महिन्याच्या ७०० वह्यांचे ३५,००० अजून दुकानदारांकडे आहेत. मग ताळा घ्या. सुरुवातीचे २०,००० अधिक नफ्याचे १२,००० म्हणजे ३२,०००. येणी ३५,००० वजा रोकडीतली तूट ३,०००, तेही ३२,०००. दोन्ही बाजू जुळल्या की आकड्यांना घाबरणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावरही फरक दिसतो. पैसे हरवले नव्हते, दुसऱ्याच्या गल्ल्यात होते. ताळेबंद हा शब्द न उच्चारता तुम्ही ताळेबंद शिकवलेला असतो.

लगेच निर्णय घ्यायला लावा. अर्ध्या वर्गाने हा पर्याय मोजायचा: ग्राहकांकडून निम्मे पैसे मालाबरोबर, निम्मे महिन्याने. महिनाअखेरच्या शिलका ९,५००, ११,००० आणि १४,५०० येतात. उरलेल्या अर्ध्याने दुसरा: कागदवाल्याकडून एक महिन्याची उधारी. शिलका १२,०००, १४,००० आणि १८,०००. नफा दोन्हीकडे तोच १२,०००, आणि रोकड एकदाही शून्याखाली जात नाही. दुसरा पर्याय आकड्यांनी सरस दिसतो, म्हणून वर्ग तोच निवडेल. मग विचारा: दोनच महिन्यांच्या ओळखीवर कागदवाला उधारी का देईल? दिली तर भाव वाढवेल का? निम्मे पैसे आगाऊ मागितले तर दुकानदार दुसऱ्याकडून वह्या घेतील का? कोणाचं पारडं जड आहे यावर उत्तर ठरतं. इथे आकडे संपतात आणि व्यवस्थापन सुरू होतं.

या तक्त्यात ठरलेल्या चुका होतात. विक्री ज्या महिन्यात झाली त्याच महिन्यात पैसे दाखवणं ही सर्वांत मोठी. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक रकमेपुढे 'कोणत्या विक्रीचे?' असा बारीक रकाना. मागच्या महिन्याची अखेरची शिल्लक पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला न नेणं ही दुसरी, तिला दोन पेट्यांना जोडणारा बाण पुरतो. घसारा, म्हणजे वापराने यंत्राची घटत जाणारी किंमत, रोकडीच्या तक्त्यात घालणं ही तिसरी. घसाऱ्यात कुणाच्या हातात पैसे जात नाहीत, यंत्र घेतलं तेव्हाच ते गेले. आणि कर्ज आलं की मुलं त्याला उत्पन्न समजून नफ्यात मिळवतात. 'हे परत द्यायचं आहे का?' एवढा प्रश्न त्याला पुरतो.

तुम्ही स्वतः बिचकता असं लिहिलंत. इथे लागणारं गणित बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि टक्केवारी एवढंच आहे. अडतो तो अर्थ, आणि पुरावा वाचून अर्थ लावण्याचं काम तुम्ही वर्षानुवर्षं इतिहासाच्या तासाला करत आला आहात. वरचा तक्ता आदल्या दिवशी स्वतः कागदावर एकदा सोडवा, स्प्रेडशीटवर नव्हे. मुलांनाही पहिले दोन तक्ते हातानेच करू द्या, स्प्रेडशीट तिसऱ्यापासून. आधीच दिली तर सूत्र चुकीच्या चौकटीत पडतं आणि चुकीचं उत्तर कुणाला खटकतही नाही.

केसच्या उत्तरांकडे येऊ. सगळ्यांचं उत्तर सारखं येतं याचा दोष पुष्कळदा केसचाच असतो. 'एका कंपनीची विक्री घटत आहे, उपाय सुचवा' याला दुसरं उत्तर येणार तरी काय? केस स्वतः लिहा, २५० ते ३०० शब्दांची. तीत चार गोष्टी हव्यात: ज्याला निर्णय घ्यायचा आहे तो माणूस आणि त्याची मुदत, मजकुरात विखुरलेले तीन-चार आकडे, एकमेकांशी न पटणारी दोन माणसं जी दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि एक बिनकामाचा तपशील. शेवटची गोष्ट शिक्षक विसरतात. प्रत्येक वाक्य उपयोगाचं असेल तर मुलं निवडायला शिकतच नाहीत.

खऱ्या कंपन्यांच्या केसमध्ये वेगळा धोका असतो. शेवट सगळ्यांना माहीत असतो. कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकचं उदाहरण घ्या. 'डिजिटलकडे दुर्लक्ष केलं म्हणून बुडाली' हे वाक्य मुलं घरूनच घेऊन येतात आणि मग विचार करायचं काही उरत नाही. केस मधेच कापा. १९७५ साली कोडॅकचाच अभियंता स्टीव्ह सॅसन याने डिजिटल कॅमेरा तयार केला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र फक्त १०० गुणिले १०० ठिपक्यांचं, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. कंपनीचा नफा फिल्म आणि तिच्याभोवतीच्या कामातून येतोय. तुम्ही संचालक मंडळात आहात, पैसे ओतणार का? एवढ्या माहितीवर 'नाही' म्हणणारं मूल मूर्ख ठरत नाही, आणि ते वर्गाला कळणं फार गरजेचं आहे. दोन्ही बाजूंनी मतं पडली की पुढचा तुकडा द्या: जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षणाचा अर्ज केला. त्याच धंद्यातली फुजिफिल्म मात्र फिल्मच्या रसायनांचं आपलं ज्ञान घेऊन एलसीडी पडद्यांची फिल्म आणि सौंदर्यप्रसाधनं अशा वाटांनी तगली. आता प्रश्न बदलतो: १९७५ चा निर्णय चुकला, की त्यानंतरच्या ३५ वर्षांत तो पुन्हा तपासला गेला नाही? मुदत घालून निर्णय पुन्हा पाहण्याची कल्पना मुलांना इथे सापडते.

चौकटींविषयी, म्हणजे स्वॉट (बळ, दुबळेपणा, संधी, धोका), अँसॉफ (जुना-नवा माल, जुना-नवा बाजार) वगैरेंविषयी, आमचं मत थोडं कडक आहे. त्या पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका, प्रत्येकीला एक चाचणी जोडा. स्वॉटमध्ये मुलं आतलं आणि बाहेरचं यांची सरमिसळ करतात. चाचणी अशी: 'हा व्यवसाय उद्या बंद पडला तरी ही गोष्ट जगात राहील का?' राहत असेल तर ती संधी किंवा धोका, नसेल तर बळ किंवा दुबळेपणा. आणि 'नवी शाखा उघडणे' ही संधी नव्हे, तो निर्णय आहे. संधी म्हणजे त्या भागात वाढलेली मागणी. अँसॉफचा तक्ता १९५७ चा आहे आणि त्यातला उपयोगाचा भाग जोखमीची चढण हा: जुना माल जुन्याच बाजारात, तिथपासून नवा माल नव्या बाजारात. कोणत्या चौकोनात काय बसतं एवढं सांगून थांबणाऱ्याला विचारा, 'मग यातली जोखीम पेलायला यांच्याकडे रोकड आहे का?' आणि रोकडीचा तक्ता पुन्हा काढा.

प्रेरणेच्या सिद्धान्तांवर तीन तासिका पुष्कळ. टेलर १९११ (कामाप्रमाणे पैसा), मॅस्लो १९४३ (गरजांची उतरंड), हर्झबर्ग १९५९ (समाधानाची आणि असमाधानाची कारणं वेगळी) असा काळाचा धागा तुम्हाला सहज ओवता येईल. तुमच्या मूळ विषयाची सवय इथेच वापरा: हे कुणी, कुणाकडे पाहून लिहिलं? हर्झबर्गचा अभ्यास अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर उभा आहे. तो सफाई कामगाराला किंवा तासावर काम करणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला जसाच्या तसा लागू पडेल का? मॅस्लोच्या मूळ लेखात तो प्रसिद्ध पिरॅमिड नाहीच, ते चित्र नंतर इतरांनी काढलं. हे कळल्यावर 'एक पायरी पुरी झाल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही' हा समज सैल होतो. मॅस्लोने स्वतः तसं म्हटलेलं नव्हतं.

उत्तर लिहिण्याची सवय वेगळी लावावी लागते. वाक्यांची साखळी शिकवा: म्हणणं, त्याला केसमधला आधार, त्यातून होणारा परिणाम, आणि तो परिणाम कशावर अवलंबून आहे. कच्चं उत्तर: 'जाहिरात केल्याने विक्री वाढेल.' तेच नीट लिहिलेलं: 'महिन्याला ३,००० ची जाहिरात केली तर स्थिर खर्च ११,००० होईल. वहीमागे २० उरतात, म्हणून जाहिरातीचा खर्च निघायलाच आणखी १५० वह्या विकल्या पाहिजेत. सध्याच्या ५०० वर ही ३० टक्के वाढ आहे. दुकानदारांची संख्या तीच राहणार असेल तर ती अवघड दिसते, म्हणून आधी एक महिना करून पाहावं.' दोन्ही शेजारी शेजारी फळ्यावर ठेवा आणि कोणत्या उत्तरात केस वाचल्याचं दिसतं ते मुलांनाच दाखवायला सांगा.

तपासण्यासाठी दोन सोप्या युक्त्या आहेत. उत्तरातलं कंपनीचं नाव खोडून दुसरं घाला. उत्तर तरीही तसंच्या तसं चालत असेल तर ते केसवर लिहिलेलंच नाही. दुसरी: मुलांनी एकमेकांच्या उत्तरात केसमधून आलेल्या प्रत्येक शब्दाखाली निळी रेघ आणि 'त्यामुळे', 'मात्र', 'जर' यांच्याखाली लाल रेघ ओढायची. निळं नसलेलं उत्तर हवेत असतं, लाल नसलेलं उत्तर म्हणजे यादी. हे तपासायला तुम्हालाही कमी वेळ लागतो. शिवाय 'सांगा', 'स्पष्ट करा', 'विश्लेषण करा' आणि 'मूल्यमापन करा' यांत काय मागितलं आहे ते एकाच प्रश्नावर चार वेळा लिहून घ्या. वेळ गुणांच्या प्रमाणात वाटायचा. २ गुणांच्या व्याख्येला अर्धं पान भरणारी मुलं शेवटच्या मोठ्या प्रश्नापर्यंत पोचतच नाहीत.

एक शब्दाचा मुद्दा. 'भागधारक' आणि 'हितसंबंधी' यांची गल्लत फार होते. भागधारकाकडे कंपनीचा हिस्सा असतो. हितसंबंधी म्हणजे निर्णयाचा चटका किंवा लाभ ज्याला पोचतो तो प्रत्येक जण: कामगार, पुरवठादार, शेजारी, ग्राहक, आणि भागधारकसुद्धा. नीतीचा धडा वेगळा घेऊ नका. प्रत्येक निर्णयानंतर 'याची किंमत कोण मोजतं आणि तो या खोलीत आहे का?' हा प्रश्न विचारा. कागदवाल्याकडून घेतलेली उधारी आठवा. आपली तूट भरली ती त्याच्या रोकडीतून.

आता गटप्रकल्प. दोघं राबतात कारण भूमिका बोलण्यापुरत्या असतात. 'तू मुख्य अधिकारी, तू विपणन प्रमुख' असं वाटप केलं की पदं मिळतात, काम मिळत नाही. पदांऐवजी कागद वाटा. चौघांचा गट करा, म्हणजे २८ मुलांचे नेमके सात गट होतील. एकाकडे रोकडवही, दुसऱ्याकडे मालाची आणि खर्चाची नोंद, तिसऱ्याकडे ग्राहकांच्या मुलाखती, चौथ्याकडे निर्णयांची वही: कोणत्या तारखेला काय ठरलं, कोण विरोधात होतं, का. दर आठवड्याला कागद पुढच्याकडे सरकतो. चार आठवड्यांत प्रत्येकाच्या हातून चारही जातात, आणि मागच्याने अर्धवट सोडलेलं पुढच्याला लगेच खुपतं. गुण निम्मे गटाच्या कागदांना, निम्मे प्रत्येकाच्या पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेला. तोंडीत त्याने सध्या न सांभाळलेल्या कागदावरचा प्रश्न विचारा. २८ मुलांना तीन-चार तासिका जातात आणि त्या वाया जात नाहीत.

खरी विक्री करणार असाल तर भांडवलाला वरची मर्यादा घाला, सगळ्या गटांना सारखी. शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. उरलेल्या मालाचं आणि तोट्याचं काय करायचं ते पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: नफ्याला गुण देऊ नका. गुण नफ्याला दिले की नातेवाईक सगळा माल उचलतात, आणि ज्या गटाला खरा ग्राहक भेटला तोच मागे पडतो. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जो फरक पडला त्याच्या स्पष्टीकरणाला गुण द्या. ३०० चा तोटा करून तो का झाला हे रोकडवहीवरून दाखवणारा गट पहिला आला पाहिजे.

ग्राहकांच्या मुलाखतींत हमखास एक चूक होते. 'आमची वही तुम्हाला आवडेल का?' असं विचारलं तर समोरचा भिडेखातर हो म्हणतो, आणि मग 'नव्वद टक्के लोकांना आवडली' असा आलेख तयार होतो. झालेल्या गोष्टी विचारायला शिकवा: मागच्या तीन महिन्यांत किती वह्या घेतल्या? शेवटची कितीला घेतली? कुठून? ती निवडताना दुसरी कोणती ठेवून दिली? एका मुलाने किमान दहा जणांशी बोलावं आणि आकडा टक्क्यांत न सांगता '१० पैकी ४' असा सांगावा, म्हणजे नमुना किती लहान आहे ते झाकलं जात नाही. सगळ्यांत खरं उत्तर आगाऊ नोंदणीत मिळतं. जो नाव लिहून थोडे पैसे आधी देतो त्याचंच हो मोजायचं.

दोन महिने झालेत, म्हणजे फार उशीर झालेला नाही. येत्या आठवड्यातल्या चार तासिका अशा लावा: पहिलीत वह्यांचा व्यवसाय आणि ४०० चा ब्रेक-इव्हन, दुसरीत १० टक्के सूट, तिसरी आणि चौथी रोकडीच्या तक्त्याला. पुस्तकात सध्या जे प्रकरण चालू असेल ते त्यानंतर तिथूनच पुढे न्या, फक्त प्रत्येक उदाहरणात हाच व्यवसाय आणा. मनुष्यबळाचं प्रकरण चालू असेल तर दुसरा कामगार ठेवायचा का हा प्रश्न घ्या. त्याचा पगार ४,००० धरला तर ब्रेक-इव्हन ४०० वरून ६०० वर जातो. महिन्याला ५०० वह्या खपत असताना हो म्हणणाऱ्याने आणि नाही म्हणणाऱ्याने चिठ्ठीवरचं तिसरं वाक्य काय लिहिलं, ते आधी वाचा.